जुन्या अग्निशमन केंद्राचं संग्रहालय करताना: बंबाला रंग लावण्याआधीची कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेचं जुनं दगडी अग्निशमन केंद्र रिकामं झालंय. तीन गाळे, मागे कवायतीचं मैदान, कोपऱ्यात होज (बंबाला जोडायची पाण्याची लांब नळी) वाळवायचा मनोरा. सामानात १९७०च्या दशकातला एक बंब, एक ट्रेलर पंप, पितळी हेल्मेटं, घंटा, शंकूच्या आकाराची जुनी अग्निशामकं आणि माळ्यावर टाकलेल्या होजच्या गुंडाळ्या. इथं शाळांच्या सहली आणि घरची मंडळी येतील असं संग्रहालय उभं करायचंय. सुरुवात कुठून करावी, मुलांच्या हातात काय द्यावं आणि काय देऊ नये?

सुरुवात कागदांपासून करा. अशा प्रकल्पांत सर्वात आधी बंब गमावला जातो, आणि तो भंगाराच्या लिलावात जातो. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला (कार्यालयाच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) आहेत तोवर त्यांचं निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणं, कधीही होऊ शकतं. वाहनाचं तर आणखी अवघड आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, नगरपालिकांची वाहनंही त्यात येतात, आणि अशी वाहनं नोंदणीकृत भंगार केंद्राकडे पाठवायची असतात. विंटेज वाहनांसाठी ५० वर्षांची वेगळी तरतूद आहे, पण ती दुचाकी आणि प्रवासी मोटारी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. बंब तिच्यात बसेल असं गृहीत धरू नका. त्यामुळे आधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या की हा बंब, हा ट्रेलर पंप आणि जोडलेल्या यादीतल्या वस्तू ‘संग्रहालयीन वस्तू’ म्हणून कायम ठेवायच्या आहेत. मग परिवहन कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करून, वाहन रस्त्यावर न आणता एका जागी स्थिर ठेवण्याची परवानगी आणि नोंदणी रद्द करण्याची पद्धत ठरवून घ्या. चॅसिस क्रमांकाचा तुकडा कापून द्यायची मागणी झाली, तर ठराव दाखवून तो वाचवा. त्या क्रमांकावरूनच बंब कोणत्या वर्षी, कोणत्या कारखान्यात बांधला गेला हे पुढे शोधता येतं.

त्याच आठवड्यात प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, चार बाजूंनी फोटो काढा आणि ‘कुठून आली, कोणी वापरली’ एवढं तरी लिहून ठेवा. निवृत्त फायरमन आणि तांडेल (फायरमनच्या तुकडीचे प्रमुख) अजून गावात असतील, तर त्यांना बोलावून एकेकाचं तासाभराचं बोलणं ध्वनिमुद्रित करा आणि त्यावर त्यांची लेखी संमती घ्या. वस्तू थांबतात, माणसं थांबत नाहीत. कोणत्या हुकाला काय टांगायचे, रात्रपाळीत घंटा कोण वाजवायचा, होज मनोऱ्यात चढवताना कोणती हाक द्यायचे, हे रजिस्टरात सापडत नाही.

आधी वस्तूंमधला धोका काढा

अग्निशमनाचं जुनं सामान म्हणजे रासायनिक भंगाराचा छोटा साठाच असतो. उत्साहाच्या भरात स्वयंसेवकांना ‘घासूनपुसून ठेवा’ सांगितलं जातं, आणि अपघात नेमका तिथं होतो.

शंकूच्या आकाराचं ९ लिटरचं सोडा-ॲसिड अग्निशामक घ्या. वर एक गोल गुंडी असते. ती आपटली की आत टांगलेली काचेची बाटली फुटते, तीतलं गंधकाम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात मिसळतं आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाणी बाहेर ढकलतो. चाळीस वर्षं पडून राहिलेल्या अशा अग्निशामकाचा पत्रा आतून खाल्लेला असतो. कोणी ‘चालतंय का बघू’ म्हणून गुंडी दाबली, तर तळ किंवा शिवण फुटून ते रॉकेटसारखं उडू शकतं. उघडताना चेहऱ्याला आवरण, रबरी हातमोजे आणि ॲप्रन घाला. अग्निशामक उभं ठेवा आणि गुंडीला हात लागू देऊ नका. टोपण पाव पाव आटा करत फिरवा. टोपणाच्या आट्यांत बारीक भोकं असतात, दाब असेल तर तो तिथून फुसफुसत निघतो. आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढचा आटा फिरवायचा नाही. भोकं गंजून बुजलेली दिसली तर हे काम तिथंच थांबवा आणि जाणकाराकडे सोपवा. बाटली अख्खी निघाली तर आम्ल भरपूर पाण्यात थोडं थोडं ओता, पाणी आम्लात कधीही नाही, आणि मग सोडा टाकून ते निष्क्रिय करा. आतून धुऊन, वाळवून, ‘रिकामं केलं’ अशी तारखेची चिठ्ठी लावूनच ते अग्निशामक काचेच्या कपाटात जाईल.

पितळी पिचकारीसारखी दिसणारी छोटी अग्निशामकं आणि काचेचे फेकायचे गोळे यांची गत वेगळी. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असण्याची दाट शक्यता असते. ते यकृताला घातक असतं आणि तापलं की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. काही गोळ्यांत नुसतं मिठाचं पाणी असतं, पण बाहेरून फरक कळत नाही. म्हणून ही उघडायचीच नाहीत. झाकणाच्या डब्यात वाळूत ठेवा आणि घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेमार्फत रिकामी करून घ्या.

ॲस्बेस्टॉस (आग न लागणारं, पण तंतू श्वासात गेले तर घातक असं खनिज) जुन्या हातमोज्यांत, आगीच्या चादरींत, बंबाच्या धुराड्यावरच्या गुंडाळीत, ब्रेकच्या आणि क्लचच्या अस्तरात असतो. संशय आला की झाडू नाही, हवेचा फवारा नाही. वस्तू ओलसर करा, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बंद करा, नमुना तपासायला द्या. धूर ओळखणाऱ्या जुन्या आयनीकरण पद्धतीच्या डब्यांत अमेरिशियमचा किरणोत्सारी कण असतो, ते डबे उघडू नका. बंबाचा जुना रंग शिसंयुक्त असू शकतो, तेव्हा कोरडं सँडिंग बंद.

आता सर्वात दुर्लक्षित वस्तू: जवानांचे वापरलेले गणवेश. आगीत जाऊन आलेल्या कोटाच्या विणीत काजळीबरोबर कर्करोगकारक संयुगं मुरलेली असतात. अग्निशमन हा व्यवसायच कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ साली पहिल्या गटात टाकला आहे. खरा कोट मुलांना अंगावर चढवून फोटो काढायला देणं लोकप्रिय असतं, आणि तेच टाळायचं. खरा कोट काचेआड ठेवा. घालायला शिंप्याकडून नवे शिवून घ्या, सुती, तीन मापांत, प्रत्येक मापाचे बारा. त्याहून कमी केलेत तर पन्नास मुलांची सहल आली की रांग पुढं सरकत नाही.

बंब बघायचा की चढायचा

दोन्ही एकाच बंबावर करायला गेलात तर दोन वर्षांत बंब उरत नाही. जुना बंब बघण्यासाठी राखा. चढण्यासाठी भंगारातली एखादी ट्रकची केबिन घ्या, तिचे दरवाजे काढून टाका (बोटं चेपतात ती बिजागरीच्या बाजूला), कडांना रबर लावा, पायरी ३० सेंटिमीटरवर आणा. केबिन उन्हात ठेवू नका, एप्रिलच्या दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही.

जुन्या बंबाच्या पोटातलं सगळं रिकामं करायचं: डिझेल, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि पाण्याची टाकी. टाकी रिकामी करणं फक्त गंजासाठी नाही. ४,५०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे साडेचार टन. पंपाच्या कवचातलं पाणी तळाच्या नळीतून काढा, नाहीतर ओतीव लोखंड आतून सडतं. चारही चाकं जमिनीपासून बोटभर वर राहतील अशा बेतानं ॲक्सलखाली लोखंडी घोडे लावा. वर्षानुवर्षं एकाच जागी दबून राहिलेले टायर फुटतात, आणि तसे जुने टायर मिळत नाहीत.

रंगाबद्दल सगळीकडे एकच चूक होते. गॅरेजवाला पुट्टी भरून, लालभडक ड्युको मारून बंब नवाकोरा करून देतो आणि सगळे खूश होतात. पण त्या लालाखाली आधीचे दोन-तीन लाल असतात, आणि त्यांच्याखाली हातानं रंगवलेलं नगरपालिकेचं नाव, जुना दूरध्वनी क्रमांक, एखादं बोधचिन्ह. दारावर हाताच्या पंज्याएवढा चौकोन निवडा, ओल्या बारीक पॉलिश पेपरनं थरावर थर उलगडत जा, प्रत्येक थराचा फोटो काढा. अक्षरं निघाली तर ती बाजू रंगवायचीच नाही. तो चौकोन तसाच उघडा ठेवून शेजारी पाटी लावलीत, तर लोक नव्या रंगापेक्षा तिथं जास्त वेळ थांबतात.

गोळा करण्याच्या हव्यासाबद्दलही एक शब्द. अमेरिकेत फिनिक्सला ‘हॉल ऑफ फ्लेम’ नावाचं अग्निशमन संग्रहालय आहे, तिथं गाड्यांचीच रांग संपत नाही. त्या वाटेनं जाऊ नका. एक बंब आणि एक ट्रेलर पंप तुम्हाला पुरे. टोकियोचं योत्सुयातलं संग्रहालय चालू अग्निशमन केंद्राच्याच इमारतीत आहे, आणि तो नमुना आपल्याला जवळचा आहे. मात्र तुमच्या शेजारी नवं केंद्र चालू असेल, तर पाहुण्यांची वाट आणि बंब बाहेर पडायची वाट कुठंही एकमेकींना छेदू देऊ नका. वर्दी (आग लागल्याची खबर) आली की मिनिटभरात गाडी निघते, तेवढ्यात चाळीस मुलांना बाजूला घेणं कोणत्याही शिक्षकाला जमत नाही. मुलांना खरा भोंगाही वाजवायला देऊ नका. शेजारपाजारच्या लोकांना चार दिवस दचकायला होतं, पाचव्या दिवसापासून ते खऱ्या भोंग्याकडंही लक्ष देत नाहीत. हातानं वाजवायची पितळी घंटा द्या, तीही दोरीची लांबी बांधून.

मांडणी पाण्याभोवती करा

बहुतेक आराखड्यांत मधोमध बंब आणि भोवती कपाटं असतात. माझं मत वेगळं आहे. या जागेत सांगण्यासारखी एकच मोठी गोष्ट आहे: वर्दी मिळाल्यापासून आगीवर पाणी पडेपर्यंत काय काय घडावं लागतं. पहिल्या गाळ्यात वर्दी आणि निघणं, दुसऱ्यात बंब आणि पाणी, तिसऱ्यात धूर आणि शोध, बाहेर मैदानात हातानं करायची कामं, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी परत आल्यावरचं धुणं-वाळवणं. वस्तू या क्रमात आपोआप जागा घेतात.

पाण्याचा आकडा हातानं कळला पाहिजे. मैदानात साध्या बादल्यांची साखळी ठेवा. ३ लिटरच्या बादल्या, दहा मीटरची रांग, शेवटी मापाच्या खुणा असलेली पारदर्शक टाकी. सांडून दर बादलीतलं २ लिटर पोचलं आणि चार सेकंदांनी एक बादली आली, तर मिनिटाला ३० लिटर होतात. आता शेजारी पाटी: २० मिलिमीटरच्या नोझलमधून ७ बार दाबानं मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी पडतं. त्याच हिशेबानं ४,५०० लिटरचा बंब साडेसहा मिनिटांत रिकामा होतो. दुसरं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न मुलं मग स्वतःच विचारतात, आणि तिथून विहीर, हायड्रंट (बंबासाठी रस्त्याकडेला ठेवलेला नळ), टँकर, नदी असा गावाचा नकाशा सुरू होतो.

होजचं वजन हाही चांगला खेळ आहे. १५ मीटरचा ६३ मिलिमीटर होज भरला की आत ४७ लिटर पाणी असतं, म्हणजे होजचं स्वतःचं वजन सोडून ४७ किलो. दोन्ही टोकं बंद करून एक होज भरलेला आणि एक रिकामा ठेवा, दोन्ही ओढून बघू द्या. सांधे जमिनीलगत राहतील असा दोर बांधा, पायावर पितळी कपलिंग पडलं तर बोट मोडतं.

ओढनळीसाठी (विहिरीतून किंवा टाकीतून पंपापर्यंत पाणी आणणाऱ्या नळीसाठी) पारदर्शक पाइप लावा. पंप हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, हे मोठ्या माणसांनाही पटायला वेळ लागतो. कागदोपत्री ही उंची सुमारे १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसातच्या पुढं पंप पाणी धरत नाही. मनोऱ्याला आठ मीटरपर्यंत पाइप नेता आला, तर पाणी थांबण्याची जागा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आता सगळ्यांना हवी असलेली गोष्ट: मुलांनी होज धरून ‘आग’ विझवणं. इथं खरा होज आणि खरा दाब वापरायचा नाही. २० मिलिमीटरच्या नोझलला ७ बारवर मागं रेटणारा जोर ४४० न्यूटन, म्हणजे सुमारे ४५ किलोचा असतो. तो आठ वर्षांच्या मुलाला उचलून आपटतो आणि सुटलेलं नोझल डोकी फोडतं. ६ मिलिमीटरचं नोझल आणि दीड बार दाब ठेवा. मागचा जोर किलोभराच्या आत राहतो आणि पाणी मिनिटाला २९ लिटर जातं. चार जागा केल्यात तर मिनिटाला ११६ लिटर, सहा तास सलग चालल्यास सुमारे ४२,००० लिटर. टंचाईच्या गावात हे पाणी गटारात सोडता येणार नाही, लोक पहिल्या आठवड्यातच तक्रार करतील आणि ती रास्त असेल. म्हणून ४,००० लिटरची टाकी, उतार दिलेली फरशी, जाळी, वाळूची गाळणी आणि पुन्हा पंप. फिरत्या पाण्याचे बारीक तुषार श्वासात जातात, म्हणून क्लोरीनची पातळी रोज सकाळी मोजून वहीत लिहायची आणि आठवड्याला टाकी पूर्ण बदलायची. ते गढूळ पाणी बागेला. लक्ष्य म्हणून लाकडी खिडक्या, धारेनं खाली पडणाऱ्या बिजागरीच्या लाल ज्वाला. आग विझवायच्या फेसाचे (फोमचे) खेळ मात्र नको, जुन्या फेसांतली फ्लोरीनयुक्त रसायनं जमिनीतून आणि पाण्यातून जात नाहीत.

बंबवाल्यांचा घसरखांब हा पाहुण्यांचा लाडका प्रश्न असतो. १८७८ साली शिकागोत डेव्हिड केनियन या अधिकाऱ्यानं तो आणला. पाहुण्यांना पूर्ण मजल्यावरून उतरू देऊ नका. दोन मीटरचा बुटका खांब, खाली जाड गादी आणि एक माणूस, किंवा सरळ घसरगुंडी.

धुराची खोली

हा भाग नीट झाला तर लोक घरी जाऊन काहीतरी शिकलेले असतात. बेफिकिरीनं केला तर पहिला अपघात इथंच होतो. ६ बाय ४ मीटरची खोली, ३ मीटर उंच, आत घरासारखी मांडणी: खाट, टेबल, ओटा, दोन दरवाजे. नाटकात वापरतात तो पाणी-ग्लायकोलचा धूर. वरचा थर दाट, गुडघ्याखाली बऱ्यापैकी स्वच्छ, म्हणजे रांगत जायचं का ते सांगावं लागत नाही. एका वेळी आठच मुलं, दम्याचा त्रास असलेल्यांना बाहेर काचेतून बघायची सोय, दोन्ही दारं बाहेर उघडणारी आणि कडीशिवाय. चालकाच्या हातात दाबून धरायचं बटण हवं: हात सुटला की धूर बंद, दिवे चालू, पंखा चालू. वीज गेली तरी हेच घडलं पाहिजे. खोलीची हवा तासाला पंधरा वेळा बदलायची तर पंखा ताशी सुमारे १,१०० घनमीटरचा लागतो.

गफलत अशी होते: नाटकी धुरानं छतावरची धूरसूचक यंत्रणा वाजते, दुसऱ्या दिवशी कोणीतरी पूर्ण मजल्याची यंत्रणाच बंद करून ठेवतं, आणि ती तशीच राहते. त्या एका खोलीत उष्णतेवर चालणारे सूचक बसवा आणि दारांना धूर अडवणाऱ्या पट्ट्या लावा. बजेट नसेल तर दुधी काचेचे चष्मे द्या. धुराइतकं थरारक नाही, पण भिंतीला हाताची मागची बाजू लावत दार शोधण्याचा सराव तितकाच होतो. अग्निशामक चालवून बघायला पाण्याचं द्या. कार्बन डायऑक्साइडचं नको, २ किलोच्या एका सिलिंडरमधून घनमीटरभर वायू बंद खोलीत सुटतो आणि गारठलेल्या कर्ण्याला (वायू बाहेर पडतो त्या तोंडाला) हात चिकटून भाजतो.

दमट हवा

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात चामड्याची हेल्मेटं, पट्टे, चामड्याचे जुने होज यांना पंधरा दिवसांत बुरशी येते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राखता आली तर ती थांबते. पण दिवसा एसी आणि रात्री बंद, ही पद्धत एसी नसण्यापेक्षा वाईट: रात्री गार पितळावर दव धरतं. चोवीस तास चालवणं परवडत नसेल, तर हॉल हवेशीर ठेवा आणि निवडक वस्तूंना घट्ट बसणारी कपाटं करा. आतल्या दर घनमीटर जागेमागे साधारण २० किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) लागतं, कपाटाच्या तळाशी जाळीदार खणात. निळ्या रंगाचं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी चालतं.

पितळ चकचकीत ठेवण्याची आपल्याकडं हौस फार. अमोनिया असलेलं पॉलिश दर आठवड्याला लावलं की हेल्मेटवरचे कोरीव आकडे झिजतात आणि ठोकून वाकवलेल्या जागी बारीक तडे जातात. एकदाच हलक्या हातानं साफ करून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) हात द्या आणि पुढं फक्त मऊ कापड. रबरी अस्तराचे होज आणि चांदीची पदकं एका कपाटात ठेवू नका. रबरातून निघणाऱ्या गंधकानं पदकं काळी पडतात. लोकरीच्या गणवेशांना कसर लागते, तिथं दर महिन्याला उलगडून बघणं हाच उपाय. कापडावर उजेड ५० लक्सच्या वर नको. माळ्यावर होजचे ढीग तसेच ठेवून खाली लोकांना फिरवायचं असेल, तर आधी तुळया तपासून घ्या. गर्दीच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला ५०० किलोंचा भार धरतात, जुने लाकडी माळे त्यात सहसा बसत नाहीत.

१४ एप्रिल

देशभर अग्निशमन सेवा सप्ताह १४ ते २० एप्रिल पाळतात. त्याचं कारण मुंबईत आहे, तेव्हा महाराष्ट्रातल्या संग्रहालयात ते नीट सांगितलं पाहिजे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दुपारी आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी. सुमारे ९०० टन पाणी ओतूनही आगीचं मूळ सापडलं नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, शहरात मृतांचा आकडा शेकड्यांत गेला, आणि धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला.

इथं मोठ्या ज्वाळांचे चित्रपट दाखवण्यापेक्षा जहाजाचा लाकडी उभा छेद करा. खणाखणात काय भरलं होतं ते काढून बघता येईल असे ठोकळे ठेवा: कापूस, लाकूड, दारूगोळा, सोन्याच्या लगडी. मग एक खरी कापसाची छोटी गाठ ठेवा आणि तिचा आडवा काप दाखवा. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी वरच्या थरातच अडतं, आत ती दिवसेंदिवस धुमसत राहते. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, आणि तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर मुंबईची घटना आणि गावातल्या जिनिंगच्या आगी एकाच भिंतीवर आणा.

अलीकडच्या घटनांना वेगळा नियम लावा. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. घरची माणसं आहेत, सहकारी अजून नोकरीत आहेत. कुटुंबाची संमती मिळाल्याशिवाय वैयक्तिक वस्तू नको, जळालेलं हेल्मेट तर नकोच. नावांची भिंत शांत जागी, येण्याजाण्याच्या वाटेवर नाही, आणि तिच्या समोर सेल्फीसाठी उभं राहायची जागा होणार नाही अशी. बसायला एक बाक.

संग्रहालयच पेटलं तर

२ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोतलं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा जवळच्या दोन हायड्रंटना पाणी नव्हतं. २६ एप्रिल २०१६ ला दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय खाक झालं. तुमच्या दारात बंब उभा आहे म्हणून तुम्ही सुरक्षित नाही, त्यात पाणी नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्या आणि जानेवारी व जुलैत नमुना ‘ब’ चं, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं, प्रमाणपत्र चुकवू नका. ते प्रमाणपत्र तिकीटखिडकीशेजारी लावा. खरी अग्निशामकं आणि प्रदर्शनातली अग्निशामकं यांचा घोळ हा या प्रकारच्या संग्रहालयाचा खास धोका आहे. घाबरलेला माणूस हाताला येईल ते उचलतो. म्हणून प्रदर्शनातली सगळी काचेआड किंवा साखळीनं बांधलेली, आणि खरी फक्त दारांजवळ, बाहेर पडायच्या हिरव्या-पांढऱ्या पाटीखाली.

माणसांचं थोडक्यात: वीस मुलांमागे एक मार्गदर्शक, धुराच्या खोलीला स्वतंत्र चालक, आणि पंप-गाळणी-कपाटं बघणारा एक पूर्णवेळ तंत्रज्ञ. तंत्रज्ञाचं पद ठरावात नसेल तर पाण्याचे खेळ आराखड्यातून काढून टाका, ते सहा महिन्यांत बंद पडलेले दिसण्यापेक्षा नसलेले बरे. निवृत्त जवान मार्गदर्शक म्हणून उत्तम, पण त्यांना दिवसातून दोनच फेऱ्या द्या.

उद्घाटन १४ एप्रिललाच करायचा मोह प्रत्येकाला होतो. तेव्हा शाळांच्या परीक्षा असतात, आणि छताची परीक्षा तर जूनमध्ये होते. इमारतीचं काम मार्चपर्यंत उरका, मैदानातले खेळ एप्रिलमध्ये सुरू करा, पण आत काहीच ठेवू नका. पहिल्या पावसाळ्यात कुठं गळतंय, कुठल्या भिंतीला ओल धरतेय, मनोऱ्याचं पाणी कुठं उतरतंय हे खडूनं खुणा करत बघा. गणपती होऊन गेले की गळती काढा, आणि चामडं, लोकर, कागद दिवाळीनंतर कपाटात लावा.